माहेरच्या नावाचा परवाना

"ही बाई कोण?" वायरमनच्या परवान्याच्या कार्यालयात खिडकीमागच्या साहेबांनी माझ्या आयटीआयच्या प्रमाणपत्रावर बोट ठेवून विचारलं.

"मीच."

"मग ही?" बोट आधार कार्डावर सरकलं.

"तीपण मीच."

"दोघींचं काहीच जुळत नाही, ताई. नाव वेगळं, बापाचं-नवऱ्याचं वेगळं, आडनावही वेगळं."

इथंच घोडं पेंड खात होतं. लग्नात सासरच्यांनी माझं नाव बदललं होतं. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं त्यात अंगठीनं नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी लाजले. इलेक्ट्रिशियनचा कोर्स मात्र त्याच्या आधीचा, सटाण्याहून रोज एसटीनं जाऊन, अख्ख्या वर्गात एकटी मुलगी म्हणून केलेला. तो सगळा जुन्या नावानं.

मी सिडकोत राहते, नवरा अंबडच्या कारखान्यात आहे. मुलगी शाळेत जायला लागल्यापासून मी एका ठेकेदाराकडे कॅमेरे आणि चोरीचे अलार्म बसवायचं काम करत होते. कॅमेऱ्याची केबल ओढायला कुणी परवाना विचारत नाही. पण कॅमेऱ्याला मीटरच्या पेटीतून वीज द्यायची म्हटलं की वायरमनचा परवाना लागतो. मोठ्या सोसायट्या तर त्याशिवाय गेटमधून आत घेत नाहीत. म्हणून शिडीवर मी आणि कागदावर सही ठेकेदाराची. गिऱ्हाईक कौतुक करायचं तेव्हा तो म्हणायचा, "पोरगी हाताखाली तयार केलीय." पोरगी चाळिशीला आलेली.

पाथर्डी फाट्याच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, काम कोण करतं ते आम्हाला दिसतं. परवाना तुमच्या नावाचा आणा, सगळ्या इमारतींचे कॅमेरे आणि अलार्म तुमच्याकडे. फक्त दिवाळीच्या आत. नंतर कमिटी माझं ऐकणार नाही."

त्या वाक्यानं मला जे पेटवलं ते परवाना हातात पडेपर्यंत विझलं नाही.

खिडकीवरच्या साहेबांनी तोडगा सांगितला, तोही चांगल्या मनानं. नाव बदलल्याचं राजपत्रात छापून घ्या, मग परवाना आधारवरच्या नावानं येईल. सोपं काम. मी तडक त्रिमूर्ती चौकातल्या सायबर कॅफेत गेले. तिथल्या माणसानं फॉर्म पुढं सरकवला. त्यात दोन रकाने होते, जुने नाव आणि नवीन नाव.

मी पेन उचललं आणि मला रागच आला. म्हणजे जी पोरगी एसटीच्या फूटबोर्डवर उभी राहून कोर्सला गेली, जिनं पंपाच्या मोटारी उघडून त्यांच्या तारा पुन्हा गुंडाळल्या, ती आता नाही, असं मी माझ्याच सहीनं छापून आणायचं? ज्या नावानं विद्या शिकले ते बाद, आणि ज्या नावानं पोळ्या लाटल्या त्याला परवाना?

मी भराभर लिहून फॉर्म परत दिला. त्यानं वाचला, माझ्याकडे बघितलं.

"ताई, उलटं लिहिलंय. सासरचं नाव जुन्यात टाकलंत."

"बरोबर लिहिलंय."

"अहो, मग आधार, पॅन, बँक, सगळंच बदलावं लागेल."

"बदलेन."

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो आधी हसला. "मग मी लग्न कोणाशी केलं म्हणायचं?"

"माझ्याशीच. वाटलं तर लग्नपत्रिका काढून बघा, हेच नाव छापलंय."

 सासरचं नाव त्यानं स्वतः निवडलं होतं. त्याला लागलं, हे मला दिसत होतं आणि वाईटही वाटत होतं, पण मी मागं हटले नाही. जेवताना तो म्हणाला, "घरात मी जुन्याच नावानं हाक मारणार. म्हणजे नव्या. जाऊ दे, मलाच कळेना."

"मारा की. फक्त तुमच्या आईंना तुम्ही सांगा."

"सांगतो," तो म्हणाला, आणि अर्थातच सांगितलं नाही.

माझी आई सटाण्याहून फोनवर अहिराणीत एवढंच म्हणाली, "तुना बापनी ठेवेल नाव शे ते." बाकी सगळा वेळ ती नाक ओढत होती.

पुढचे महिने मी रांगांमध्ये काढले. एका ठिकाणी राजपत्राची प्रत मागायचे, दुसऱ्या ठिकाणी आधार. आधारवाले म्हणायचे सर्व्हर बंद आहे, बँकवाले म्हणायचे साहेब रजेवर आहेत. घटस्फोट झालाय का, हे तर तिघांनी विचारलं. मी तशी शांत बाई नाही, पण तेव्हा जीभ दातांखाली दाबून ठेवली. अखेर कार्यालयातून कळलं की परवाना मंजूर झाला, टपालानं घरी येईल. दिवाळी तोंडावर आली होती.

पाकीट काही येईना. एका दुपारी कामावरून आले तर सासूबाई शेंगा निवडत सहज म्हणाल्या, "काल पोस्टमन आला होता गं. कुणा भलतीचंच पाकीट घेऊन. मी सांगितलं, त्या नावाचं इथं कोणी नाही."

ते पाकीट माझंच होतं. सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, मग शेंगांचं सूप बाजूला सारून उठल्या. "चल. मी घालवलंय, मीच आणते."

स्कूटरवर मागं बसून त्या माझ्याबरोबर पोस्टात आल्या. तिथल्या माणसानं पाकीट शोधून काढलं, पण देईना. "यावर शेरा आहे, या नावाचं कोणी राहत नाही. परत पाठवायला काढलंय."

मी आधार पुढं केलं. तेवढ्यात सासूबाई खिडकीशी वाकल्या. "ते मी सांगितलं होतं, आणि चुकीचं सांगितलं. ही माझी सून. हे तिचं नाव." आणि त्यांनी माझं नाव घेतलं, माझ्या वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ते मी पहिल्यांदाच ऐकलं. मी सही केली, तीही वाकडी आली.

बाहेर पायरीवर पाकीट फोडलं. परवाना होता, फोटो भयाण, पण नावातलं अक्षर न् अक्षर बरोबर. सासूबाईंचा चष्मा घरी राहिला होता, म्हणून मी वाचून दाखवलं.

"आई, तुम्ही रागावलात का?" मी विचारलं.

त्यांनी परवाना हातात घेऊन उलटसुलट केला. "राग नाही गं. बाईच्या नावाचं पाकीट येतं, हेच डोक्यात आलं नाही. मला कधी आलं नाही. माहेरच्या नावाचं नाही, अन् ह्यांनी ठेवलेल्या नावाचंही नाही."