मंगल कार्यालयातला फेरफटका

पाऊस लागला की मी जगातला सर्वांत गुणी माणूस होतो. कुणाला त्रास नाही, कुठं जाणं नाही. पांघरूण कानापर्यंत ओढायचं, घरभर टांगलेल्या ओल्या कपड्यांकडं बघायचं आणि पुढचा चहा कधी होतोय याचा कानोसा घ्यायचा. शिवाजी पेठेत आमच्या गल्लीत पाऊस एकदा बसला की चिवट पाहुण्यासारखा बसतो, उठायचं नाव घेत नाही. गेल्या आषाढात या सुखात मला एक भागीदार मिळाली. माझी आई.

मे महिन्यात आई घरातच पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि हातात वॉकर आला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी बजावलं होतं की रोज चालायचं, खाडा करायचा नाही, नाहीतर पाय आखडेल तो कायमचा आणि उंबऱ्याबाहेर पडणं संपेल. ऐकून आम्ही घाबरलो. आईही घाबरली. पण तिला पायापेक्षा गल्लीची भीती जास्त होती. एरवी मंडईला जाताना दारोदारी थांबून प्रत्येकीची खबर घेणारी बाई ती. आता वॉकर टेकत जाताना आपल्याला कुणी बघावं हे तिला सोसत नव्हतं.

"काय झालं, कसं झालं, सगळी इचारणार," ती म्हणायची. "कुणाकुणाला सांगत बसू?"

घरात चालावं तर दोन खोल्या, त्यात कपाट, पलंग आणि आडवा पडलेला मी.

माझी बायको आमच्या घरची फौजदार. सकाळी ती समोर येऊन उभी राहायची. "आई, उठा, चालायचंय."

"पाऊस हाय की गं."

"घरात कुठं पाऊस आहे?"

"तुझा नवरा बघ अजून लोळतोय. त्याला उठीव आधी."

आई मला असं सहज विकून टाकायची. मग मी पांघरुणातूनच सांगायचो की हवा दमट असताना हाडांना विश्रांती द्यावी. हाडांतलं मला ओ की ठो कळत नाही, पण आवाज मोठ्या डॉक्टरचा लावायचो. आई गंभीरपणे मान डोलवायची.

शेवटी बायकोनं तोड काढली. गल्लीच्या तोंडाशी एक मंगल कार्यालय आहे. लग्नाचे मुहूर्त संपले होते, हॉल रिकामा पडला होता. तिथल्या वॉचमन मामांशी ती बोलून आली. वर छप्पर, खाली सपाट फरशी आणि बघायला कुणी नाही. आईजवळ कारणच उरलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून, पावसानं गल्लीत चिटपाखरू नसताना, आमची वरात निघायला लागली. आईच्या डोक्याला माझी माकडटोपी, तिच्यावर मी धरलेली छत्री आणि छत्रीबाहेर भिजणारा मी. हॉलमध्ये आई फेऱ्या मारायची आणि मी स्टेजवरच्या नवरदेवाच्या खुर्चीत बसून देखरेख करायचो.

"काकी, मुंडावळ्या आणू काय?" मामा विचारायचे.

"ह्याला बांध," आई माझ्याकडं बोट करायची. "कुणीतरी घिऊन जाऊ दे."

आणि एक दिवस आम्ही आत शिरलो तर हॉल गच्च भरलेला. कुणाच्या तरी बाळाचं बारसं होतं. मुरगूडहून पाहुणे आले होते, फुगे लागले होते, आणि मामा आम्हाला सांगायचं साफ विसरले होते. सगळ्या माना दाराकडं वळल्या. आईनं टोपी ओढून काढली, वॉकर जागच्या जागी फिरवला आणि म्हणाली, "चल घरी. माणसं हायत."

तेवढ्यात पाळण्यापाशी कालवा सुरू झाला. बारशाला बाळाच्या जोडीनं वरवंट्यालाही कुंची घालून पाळण्यात ठेवतात, बाळ दगडासारखं टणक व्हावं म्हणून. या मंडळींनी फोटोवाला आणला, केक आणला आणि वरवंटा विसरले. सगळ्यांच्या घरी मिक्सर, आठवण तरी कशी यावी?

"मिक्सरचं भांडं घ्या की," बाळाची आत्या म्हणाली. "वाटण त्येच करतंय न्हवं?"

स्वयंपाकघरातून भांडं आलंसुद्धा. आत्या त्याला कुंचीची नाडी बांधायला लागली.

"भांड्याला कुंची घालायलीत," आई माझ्या कानात म्हणाली, कुणाचा तरी जीव चालल्यासारखी.

"तू बघू नकोस. चल."

"गप. पळ, घरनं वरवंटा आण. मागच्या दाराजवळ हाय बघ."

मी वरवंटा छातीशी धरून, निथळत परत आलो, तर आई दारात नव्हती. खुर्च्यांच्या दोन रांगांमधून, सगळ्यांच्या देखत, वॉकर टेकत ती थेट पाळण्यापर्यंत पोचली होती. आत्याच्या हातातलं भांडं काढून घेतलं होतं आणि एका हातानं पाळण्याची दांडी धरून अख्ख्या मुरगूडला हुकूम सोडत होती. वरवंटा तिनं पदरानं पुसला, हळदकुंकू लावलं, कुंची घातली आणि निजवला. शेजारी बाळ निजवलं. बारसं मार्गी लागलं.

आणि मग पहिल्या रांगेतली एक बाई म्हणाली, "पायाला काय झालं वो मावशी?"

आईनं भरल्या हॉलकडं पाहिलं, मग पाळण्याकडं बोट दाखवलं.

"ह्यानं पाडलं."

लोक बाळाकडं बघायला लागले.

"त्यो न्हवं, ह्यो दगुड. वळवाचं वारं सुटलं, मागचं दार आपटाय लागलं, म्हणून ह्याला दाराला लावला. लाईट गेली आन् मी ह्यालाच अडखळले. मी दोन म्हैनं झालं वॉकर धरून फिरतीया, आन् ह्यो बघा, कुंची घालून निजलाय."

सगळा हॉल हसला. सगळ्यात मोठ्यानं आई हसली. पंगतीत तिनं तो किस्सा शेजारणीला पुन्हा सांगितला, तेव्हा वाऱ्याचं वादळ झालं होतं. हात धुताना पत्रेही उडाले. माझ्या थापा कुठल्या खाणीतून येतात हे मला त्या दिवशी कळलं.

आम्ही बाहेर पडलो तेव्हा पाऊस कोसळतच होता. आईनं वॉकर घराच्या उलट दिशेला वळवला.

"आई, घर इकडं आहे."

"ठावं हाय मला. लांबनं जाऊया. वरच्या गल्लीत कुणालाच अजून म्हाईत न्हाय."

एका हातात छत्री, दुसऱ्या हातात वरवंटा, असा मी मागून चाललो. आई पहिल्याच दारापाशी थांबली आणि आत हाक मारली.