माझ्यात ताई जिवंत आहे

घरात जुने चार्जर कसे साठतात, कोणाला कळत नाही. फोन जातो, चार्जर राहतो. आमच्या तिघांच्या किश्श्यांचं तसंच झालंय. तिघं म्हणजे मी, मालेगावचा समीर आणि कळवणचा भूषण. कॉलेजात असताना बरा कॉम्प्युटर फक्त माझ्याकडे होता, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी दोघं आमच्या नाशिकरोडच्या घरी पडीक. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले, सगळी नोकरी मनमाडला. ते हॉलमध्ये पेपर उघडून बसायचे आणि पेपराच्या वरून पोरांवर लक्ष ठेवायचे.

आम्ही एकच गेम खेळायचो. त्यात तुम्ही एका राज्याचे शिलेदार. कोणाला मारायचं, कोणाला वाचवायचं, सगळं तुम्ही ठरवायचं आणि तशी गोष्ट वळणार. साहजिकच तिघांच्या गोष्टी तीन. म्हणून आमच्या बोलण्यात एक शब्द रुळला, ‘माझ्यात’. म्हणजे माझ्या गेममध्ये. तुझ्यात राजा मेला का? नाही, माझ्यात पळून गेला.

या गेममध्ये शेवटपर्यंत साथ देणारी एक तलवारबाज बाई होती. तिचं विलायती नाव कोणाच्या तोंडात बसेना, म्हणून समीर तिला ताई म्हणायला लागला, मग मीही. भूषण मात्र तिला कधी ताई म्हणाला नाही. नुसतं ‘ती’ म्हणायचा. यावरून आम्ही त्याला फार पिडलं.

शेवटी शत्रू मागे लागतो, किल्ल्याचं दार बंद व्हायला लागतं आणि ताई म्हणते, तू आत जा, मी यांना अडवते. आत गेलात तर राज्य वाचतं, ताई बाहेर मरते. तिच्याजवळ थांबलात तर ती जगते, पण दार तुम्हा दोघांसाठी कायमचं बंद. समीर आणि मी आत गेलो. भूषण बाहेर थांबला.

*

‘माझ्यात’ हा शब्द घराबाहेर वापरायचा नसतो, हे आम्हाला एसटीत कळलं. भूषणच्या घरी निघालो होतो. कळवणच्या गाडीत या दोघांचं जुंपलं. समीर म्हणे, माझ्यात ताई मेली. भूषण म्हणे, माझ्यात जिवंत आहे. पुढच्या सीटवरचे आजोबा वणीपर्यंत गप्प ऐकत होते. शेवटी वळले.

“तुमी सख्खे भाऊ का?”

समीरला थट्टेची लहर आली. हो म्हणाला.

“मंग असं भांडता काय रं? दोघं जाऊन एकदा बघून या ना तिला.”

*

मग दुसरा भाग आला आणि आम्हाला जगाची रीत कळली. पहिल्याचे शेवट कितीही असोत, पुढची गोष्ट सांगायला कंपनीला त्यातला एक धरावा लागतो. धरला तो अधिकृत. बाकीचे आपापल्या घरी.

समीरने पहिल्या भागात बाजारातल्या एका लबाड सोनाराला ठार केलं होतं. दुसऱ्या भागात तोच सोनार ठणठणीत, दुकान मांडून बसलेला, ‘या या’ करतोय. समीर खुर्चीतून उठलाच. “याला मी स्वतः मारलाय यार! आणि हा मलाच भाव सांगतोय!”

वर ढाल त्याच्याकडूनच घ्यावी लागली. गावात दुसरं दुकानच नव्हतं.

*

अधिकृत शेवट निघाला माझा. शिलेदार आत, ताई बाहेर, ताई मेली. भूषणचं तोंड उतरलं. पण कंपनीने एक सोय ठेवली होती. पहिल्या भागाची जुनी फाइल घातली की तुमची निवड लक्षात घेणार म्हणे. भूषणने मोठ्या आशेने घातली. सगळा गेम पालथा घातला, तर एका खानावळीतला म्हातारा एवढंच म्हणतो, की दाराबाहेरच्या डोंगरात दोघं जण राहतात अशी आवई आहे. बस. एवढा संसार केला, त्याची एक आवई!

भूषण पुन्हापुन्हा त्या खानावळीत जायचा. काही मागवायचा नाही, म्हाताऱ्याला बोलतं करायचा.

हे बघून एकदा बाबांनी पेपर खाली घेतला आणि काय झालं विचारलं. आम्ही सगळं समजावलं. ते म्हणाले, “मनमाडला गाडी दौंडच्या रुळावर घातली, म्हणून भुसावळचा रूळ कोणी उखडत नाही. तो असतोच तिथे.”

भूषण खुलला. बाबांनी पेपर वर घेतला आणि आतून म्हणाले, “फक्त आपली गाडी त्याच्यावर नसते.”

*

भूषणच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि तो बी-बियाण्यांचं दुकान सांभाळायला कळवणला परत गेला. मला इथेच नाशकात, सातपूरला नोकरी लागली होती. सीबीएसला, एसटी स्टँडवर त्याला सोडायला मी एकटीच गेले होते. समीरने मुद्दाम काहीतरी काम काढलं.

हे सरळच सांगते. तो मला हवा होता. त्यालाही मी हवी असेन असं वाटायचं, आणि तो आता विचारेल म्हणून मी तिथे उभी होते. त्याने गाडी किती वाजता पोचते ते सांगितलं. वाटेत पिंपळगावला थांबते, हेही सांगितलं. मी हो हो म्हणाले. मग कंडक्टरने दार लावलं.

गेममध्ये तो बाहेर थांबला आणि मी आत गेले. सीबीएसवर उलटं झालं. पुढे त्याचं लग्न झालं, जवळच्याच गावची मुलगी, सविता. पत्रिकेवर बाबांचं नाव आग्रहाने लिहिलं होतं. मला त्या दिवशी ऑडिट निघालं. अजून कधी संध्याकाळी जुनी फाइल उघडते आणि दारापर्यंत जाऊन बंद करते. आत जाववत नाही.

*

परवा रविवारी तिसरा भाग आला. त्याच रविवारी भूषण आणि सविता एका साखरपुड्यासाठी नाशकात आले होते, ते दुपारी आमच्याकडे आले. सविताला मी पहिल्यांदाच बघत होते. समीरही टपकला. कंपनीला आता शहाणपण सुचलंय, सुरुवातीलाच विचारते की दारापाशी काय झालं ते तुम्हीच सांगा. समीर माझ्या कॉम्प्युटरवर बसला होता. त्याने जुन्या सवयीने विचारलं, “भूषण, तुझ्यात काय टाकू?”

भूषण कपातल्या चहाकडे बघत राहिला. मीही माझ्या.

तेव्हा सविता बोलली. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं, म्हणून ह्यांच्या लॅपटॉपवर पहिला भाग तिनेही खेळून टाकला होता, म्हणाली.

समीरने हसत विचारलं, “मग वहिनी, तुमच्यात काय झालं?”

“माझ्यात मी दार लावूच नाय दिलं. तिला घरात घेतलं.”

समीर म्हणाला, असा पर्याय त्या गेममध्ये नाहीच.

“नसंल,” सविता म्हणाली. मग माझ्या हातातला गार झालेला कप काढून घेतला. “पण ताई, आमच्या लग्नापासून एवढ्या वर्षात तुमी एकदा बी कळवणला आल्या नाय.”

बाबांनी पेपर खाली घेतला.