अप्पांचा अंगठा

माझ्या बापाच्या बोटांना ठसे नव्हते.

तीस वर्षं सिमेंट कालवलं, भिंतींना गिलावा केला. रेषा झिजून गेल्या. अंगठा गुळगुळीत, घासलेल्या फरशीसारखा.

आज अप्पांना जाऊन एक वर्ष झालं. ही पोस्ट सकाळपासून चार वेळा लिहिली आणि खोडली. काही चुकीचं लिहिलं जाऊ नये, ही भीती.

भीतीसुद्धा त्यांच्याकडूनच आलीय.

शाळेत जायच्या आधी मला अक्षरं अप्पांनी शिकवली. बोरी गावातल्या आमच्या घराचा गिलावा चालू होता. ओल्या भिंतीवर थापीच्या टोकाने माझ्याकडून 'अ' काढून घेतला.

"नीट काढ, माय. आन लवकर. वाळायलंय ते."

आजही कुठलाही फॉर्म भरताना मला तेच ऐकू येतं. वाळायलंय.

बरेच जण कमेंटमध्ये अप्पांना "जन्मजात नेता" लिहितात. तसं नव्हतं. अप्पा नेता झाले ते एका मशीनमुळे.

बांधकाम कामगारांची नोंदणी चालू होती. फॉर्म मी भरलेला, म्हणून परभणीच्या ऑफिसात मी सोबत होते. मशीनने अंगठा घेतला नाही. मग एकेक करून दहाही बोटं ठेवली. नाहीच.

क्लार्क म्हणाला, "काका, ठसा नाही तर नोंदणी नाही. तुम्ही गवंडी आहात हे मी कशावरून मानू?"

"साहेब, तुमच्या पाठीमागची भिंत बघा. मीच केलीय."

"उद्या या."

"मंग इथंच बसतो. उद्या यायची दगदग न्हाई."

आणि खरंच दारात बसले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओढणी तोंडाशी धरून मी म्हणत होते, "अप्पा, उठा ना, लोक बघायलेत."

"बघू दे की. बघण्यासाठीच बसलोय."

तेवढ्यात रशीदचाचा येऊन शेजारी बसले. ते फरशी बसवतात, त्यांचाही अंगठा गेलेला. मग आणखी सात-आठ जण. दुपारी मोठे साहेब बाहेर आले. ठसा उमटत नसेल त्याची ओळख डोळ्यांवरून घ्यायची, असं ठरलं.

आमची युनियन त्या पायरीवर झाली. अप्पा अध्यक्ष झाले, तरी थापी सुटली नाही.

सुटली ती आजारपणात. तीन महिने अंथरुणावर होते, हाताला सिमेंट लागलं नाही. दवाखान्यात कुठल्याशा कागदासाठी अंगठा मागितला. मी सवयीने म्हणाले, "त्यांचा उमटत नाही."

उमटला. पहिल्याच वेळी.

मी वेड्यासारखी ओरडले, "अप्पा, उमटला!"

ते अंगठ्याकडे बघत राहिले.

"म्हंजे हात कामातून गेला की गं."



आता ऑफिसात नवं मशीन आलंय. पुन्हा फक्त अंगठा. आमच्या युनियनच्या चौदा जणांच्या नोंदणीची मुदत उद्या संपते. नोंदणी गेली की पोरांची शिष्यवृत्तीही गेली.

परवा रशीदचाचा म्हणाले, साहेबांशी तू बोल.

"चाचा, मी कुठे गवंडी आहे? माझा अंगठा पहिल्या झटक्यात उमटतो."

"बेटी, हमारे अंगूठे घिस गए. तेरी जबान तो नै घिसी ना?"

यादी तीनदा तपासली. चौदा नावं, चौदा फॉर्म. तरी वाटतं, ऐनवेळी आवाजच फुटला नाही तर? साहेबांनी एखादा नियम दाखवला, जो मी वाचलेलाच नाही, तर?

एवढं मात्र ठरवलंय.

उद्या ते "उद्या या" म्हणाले, तर मी त्याच दारात बसणार आहे.

ओढणी तोंडाशी न धरता.

अप्पा, तुमचाच नमस्कार तुम्हाला: शरणार्थ.