सुमनकाकींनी साहेबांना करार वाचायला लावला

मंडळी, शहापूरच्या सायबर कॅफेतून घाईत लिहितोय. मुरबाडचा आमचा कारखाना बंद होतोय. आज शेवटच्या करारावर सह्या होत्या. कागद इंग्रजीत. पगाराच्या रजिस्टरवर करतो तशीच, साहेब बोट ठेवतील तिथे आम्ही सही करत होतो.

मग प्रेस मशीनवरच्या सुमनकाकी आल्या. मशीनमध्ये त्यांचं बोट तुटलं, त्याच्या भरपाईची केस अजून चालू आहे.

"साहेब, मला इंग्रजी येत नाय. मराठीत वाचून दाखवा."

"अहो काकी, सगळ्यांना तेच आहे."

"बरं." आणि काकींनी सहीच्या जागी लिहिलं, 'हा कागद मला वाचून दाखवलेला नाही.'

साहेबांनी कपाळाला हात लावला, नवा कागद काढला आणि वाचायला बसले. यापुढे कामगाराचा कंपनीवर कसलाही दावा राहणार नाही, असं एक वाक्य आलं.

"म्हंजे माझ्या बोटाचा पण नाय?"

साहेबांनी पेन उचललं. ते वाक्य खोडलं, शेजारी साहेबांनी आणि काकींनी छोट्या सह्या केल्या, तेव्हाच काकींनी खाली सही केली. काय बाई आहे राव!

काकी सातवी शिकलेल्या. मी बी.कॉम., आणि माझी सही त्यांच्या आधीच झाली होती, एक ओळ न वाचता.

तुम्ही शेवटचा कागद वाचून सही कधी केली होती?