डावीकडचं तळं

गल्लीत त्याला सगळे डोंगरवाला म्हणायचे, आणि आयुष्यात तो एकाही डोंगरावर चढला नव्हता. त्याचे डोंगर टीव्हीत होते. रबरी बटणांचा, पाटीएवढा कॉम्प्युटर त्यानं टीव्हीला जोडला, टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातली नोकरी सोडली आणि घरी विमानाचा खेळ लिहीत बसला. घर बायकोच्या शिवणकामावर चालायचं. लोक म्हणायचे, याचं डोकं फिरलंय. ती म्हणायची, "फिरू दे. विमान तयार झालं की पहिल्यांदा मी चालवणार." त्यानंही हसून कबूल केलं होतं.

सुरुवातीला डोंगर नुसत्या रेघांचे होते, आणि पंक्चर सायकलीसारखे धक्के खात यायचे. त्या इवल्याशा मशीनला दर वेळी सगळं चित्र पुसून नव्यानं काढावं लागे, आणि तेवढ्यानंच मशीनची दमछाक व्हायची. मग डोंगरवाला एकेक ओझं उतरवू लागला. आवाज काढला. गुण मोजणं काढलं. शत्रूची विमानं काढली. दर वेळी डोंगर थोड्या जास्त वेगानं धावायचे आणि याला आणखी चेव यायचा. मागचा डोंगर पुढच्याआड लपू लागला, दऱ्यांत सावल्या आल्या, डाव्या कोपऱ्यात एक तळं चमकू लागलं. ते खरोखर इतकं सुंदर होतं की बायको शिलाई थांबवून बघत राहायची.

"मी आधी तिकडेच वळवणार," ती म्हणाली.

कॅसेटवर खेळ विकणारा व्यापारी बघायला आला आणि आ वासून उभाच राहिला. "अहो, हे या डबड्यावर? घेतला म्हणून समजा! वहिनी, जरा चालवून दाखवा की."

तिनं हात पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि डावीकडचं बटण दाबलं. विमान सरळ गेलं. तिनं पुन्हा दाबलं, जोरात दाबलं. "माझंच काही चुकतंय का?"

डोंगरवाल्यानं मान खाली घातली. "बटणांकडे बघायला मशीनला वेळच उरत नाही. तळं आणायचं होतं, म्हणून बटणांचं काम काढून टाकलं."

"मग हा खेळ कसला? हा सिनेमा झाला," व्यापारी म्हणाला. "बटणं चालू करा, मग बोलू." आणि तो चपला घालून निघून गेला.

इथवर फार बिघडलं नव्हतं. बटणं परत घातली की झालं. त्यानं ती घातलीही. विमान वळू लागलं, पण डोंगर पुन्हा अडखळले आणि तळ्याची चमक गेली.

"अडखळू देत की," बायको म्हणाली. "मी नाही का अडखळत? वळतंय ना?"

"तुला नाही कळायचं. मला हे बघवत नाही."

आणि त्या शहाण्यानं बटणं पुन्हा काढली! हातातोंडाशी आलेला घास असा कुणी टाकून देतं का? पण त्याला खरंच बघवत नव्हतं. त्याच्याइतका एकटा माणूस गल्लीत दुसरा नव्हता, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

व्यापाऱ्यानं दुसऱ्या कुणाचा तरी खेळ घेतला. ओबडधोबड ठोकळ्यांचा, पण दाबलं की वळणारा. बायको रोज विचारायची, "आज वळतं का?" तो म्हणायचा, "थांब थोडं, कुठून तरी वेळ वाचवतो." पुढे तिनं विचारणं सोडून दिलं. त्याला ते बरंच वाटलं.

एका दुपारी तळ्यात डोंगराचं प्रतिबिंब उतरलं. तो ओरडलाच, "अगं, ये लवकर!"

ती आली. हातात बॅग होती, बाहेर तिचा भाऊ गाडी घेऊन उभा होता. तिनं पडद्याकडे पाहिलं. "छान झालंय," ती म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं. मग बॅग खाली ठेवून तिनं डावीकडचं बटण दाबलं आणि बोट तसंच दाबून धरलं.

विमान सरळ गेलं. तळं डावीकडून मागे पडलं. तिनं बॅग उचलली.

"थांब ना," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "पुन्हा येईल ते."