पोरीच्या जीपची स्टेपनी

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढं सगळी उमर उचगावात उसाच्या ट्रॉल्या वेल्ड करण्यात गेली. मी जोडलेला सांधा सुटला असं सांगत आजवर कुणी दारात आलेलं न्हाय.

मुलगी जनावरांची डॉक्टर. तिची बदली शाहूवाडीला झाली, डोंगरातल्या वस्त्यांवर फिरायचं काम. तिनं एक जुनी जीप घेतली आणि चिखलात अडकू नये म्हणून मोठी, जाड नक्षीची चाकं बसवून आणली. चार चाकं जागेवर बसली. पाचवं, म्हणजे स्टेपनी, मागच्या सीटवर आडवी पडलेली. एवढं वजन मागच्या दाराला पेलणार न्हाय, बिजागऱ्या उतरतील, असं गॅरेजवाल्यानं सांगितलेलं.

"मग मी काय मेलोय व्हय?" मी म्हणालो.

"राहू द्या आण्णा. टपावर बांधू."

"आणि वाटेत चाक पंक्चर झालं तर टपावरनं तू एकटी उतरवणार? दाराला बसवतो. तुझी तुला काढता आली पाहिजे."

ती सोमवारी निघणार होती. शनिवारी सकाळी मी जीप अंगणात घेतली. दाराचा पत्रा पापडासारखा. त्याच्यावर भार टाकून चालणार नव्हतं, म्हणून दोन्ही बिजागऱ्या जाड बसवल्या आणि तिथनं आडवी लोखंडी पट्टी ओढली. मापानं चाक खाली बंपरला घासलं असतं, म्हणून पट्टीवरचे चाकाचे बोल्ट वर घेतले. दार लागलं की चाक टेकायला बंपरवर रबराचा ठोकळा ठेवला. बायको टेप धरून उभी होती.

"अवं, दाराला चाक लावताय का चाकाला दार?" ती म्हणाली.

चाक उचलायची वेळ आली. ट्रॉलीचं चाक मी एकटा फिरवत होतो एके काळी. ह्याला कवळ घातली, गुडघ्यापर्यंत आणलं, आणि पाठ म्हणाली, बास. मी तसाच वाकून राहिलो. मुलगी पलीकडनं आली.

"तू हो बाजूला, कापडं खराब होतील."

"म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालते मी. मला कापडांचं सांगताय?"

दोघांनी मिळून उचललं. तिचे दंड मी तेव्हा नीट बघितले. माझ्यासारखेच, मनगटापाशी रुंद. कधी एवढी झाली ही?

मग नट. पान्यावर माझा लोखंडी पाईप चढवला आणि अंगाचा सगळा भार टाकून आवळलं. ट्रॉलीला आम्ही असंच आवळतो. भरल्या उसाखालचं चाक निसटून चालत न्हाय.

"आता हत्ती लावून ओढ," मी म्हणालो.

ती हसली न्हाय. जीपमधला आखूड पाना काढून नट सोडायला लागली. हलेना. पान्यावर पाय देऊन उभी राहिली, तरी हलेना. मग पाना निसटला आणि तिची बोटं पट्टीवर सोलली. ती बंपरवर बसली, बोटं तोंडात धरली.

"आण्णा, पाऊस लागलाय, चाक पंक्चर झालंय, पलीकडच्या वस्तीवर म्हैस अडलीय. मी काय करू? तुम्हाला फोन करू?"

"कर की," माझ्या तोंडातनं गेलं.

बायकोनं माझ्याकडं बघितलं. फोन आला असता तर मी गेलोही असतो, मिळेल त्या गाडीनं. खरं सांगायचं तर मला ते आवडलंही असतं. पण तोपर्यंत म्हैस थांबली नसती, आणि पोर पावसात उभी.

मी परत पाईप घातला आणि सगळे नट सोडले.

"आता तू आवळ."

मी हात मागं बांधून उभा राहिलो. ती आखूड पान्यानं आवळत होती.

"अजून जरा..."

"गप बसा की," बायको म्हणाली.

मग मुलीनं चाक एकटीनं काढून बघितलं. मांडीवर घेऊन चाक खाली घसरवलं, तेवढं जमलं. वर चढवणं जमेना. मी पुढं झालो न्हाय. आत जाऊन ट्रॉलीचं एक जुनं फळकूट आणलं आणि बंपरला तिरकं लावून दिलं. तिनं चाक त्याच्यावरनं लोटत नेलं, पोटानं रेटून धरलं आणि हळूहळू फिरवत बोल्टात बसवलं. घामानं भिजून माझ्याकडं वळली. "बसलं," एवढंच म्हणाली.

सोमवारी निघताना मी नटांना हात लावला. नुसता लावला. फळकूट सीटखाली होतंच, त्याच्याशेजारी माझा पाईप ठेवला. हाताच्या घामानं गुळगुळीत झालेला, दुसऱ्या कुणाला कधी दिला न्हाय.

"हा कशाला?"

"खालची चार चाकं गॅरेजवाल्यानं मशीननं आवळलीत. सोडायला लागंल. आवळायला वापरू नको."

"बरं," ती म्हणाली आणि पट्टी गुंडाळलेल्या हातानं गिअर टाकला.

गल्लीच्या वळणावरचा खड्डा तिनं मुद्दाम चुकवला न्हाय. जीप दणकून वर आली. दारावरचं चाक जागचं हललं न्हाय.