टोपणाची रुंद रिंग

हैदराबादच्या काचीगुड्यातली जुनी माणसं अजून सांगतात, हणमंतरावांचा पेन म्हणजे पेन. सांगोत बापडी. पण त्या पेनाची क्लिप, टोपणाच्या ओठावरची ती बारीक चकचकीत रिंग, हे कोण करायचं, ते कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. त्या इंदुताई करायच्या, त्यांची बायको. स्वयंपाकघरात पाटावर बसून, भात उतरवून झाला की.

इंदुताई उदगीरच्या सोनाराची पोर. वडिलांना मुलगा नव्हता, म्हणून दुकानातली फुंकणी आणि कानस पोरीच्या हाती आली. गावाने नावं ठेवली. ठेवणाऱ्याचं तोंड कुणी धरलंय? लग्न होऊन त्या हैदराबादला आल्या. हणमंतरावही सोनाराच्याच घरातले, पण त्यांचं मन चांदीत कधी रमलं नाही. रेल्वेच्या कारखान्यात लेथवर हात बसवला आणि पुढे नोकरी सोडून घराच्या पुढच्या खोलीत पायाने चालवायचा लेथ टाकला. एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, काळी दांडी लावायची आणि तिच्यातून नळी, टोपण, आटे, सगळं हाताने काढायचं. गिऱ्हाईक आलं की आधी त्याला एक ओळ लिहायला लावत. कागदाकडे बघायचेच नाहीत, लिहिणाऱ्याच्या बोटांकडे बघायचे. मग म्हणायचे, ‘‘पंधरा दिवसांनी या.’’

दोघांच्या कामाची एक रीत पडून गेली होती. नळी आणि टोपण तयार झालं की हणमंतराव ते पितळी वाटीत घालून मधल्या उंबऱ्यावर ठेवत. इंदुताई वाटी उचलत, माप घेत, पत्रा कापून रिंग वळवत, सांधा जोडत, ठोकून ठोकून क्लिप घडवत. टोपण जरा ऊब देऊन रिंग चढवली, लाखेने पक्की केली, की वाटी परत उंबऱ्यावर. त्या लेथजवळ जात नसत आणि हे पाटाजवळ येत नसत. बत्तीस वर्षांत ‘छान झालंय’ असा शब्द हणमंतरावांच्या तोंडून निघाला नाही. वाटी माघारी आली नाही म्हणजे छान झालंय, असं इंदुताईंनी समजून घ्यायचं. त्यांनी घेतलं. न घेऊन सांगतात कुणाला?

मग बाजार खुला झाला म्हणे. झाला असेल. कोठीच्या बाजारातल्या दुकानांतून परदेशी बॉलपेनं बरण्या भरभरून दिसायला लागली. शाई संपली की फेकून द्यायची आणि दुसरं घ्यायचं. जे गिऱ्हाईक वर्षाला दोन पेन करून घ्यायचं, ते रस्त्यात भेटलं की खिशावर हात ठेवून नजर चुकवायला लागलं. मुलगा विकास संगणकाच्या नोकरीला पुण्याला गेला, तो दर रविवारी शेजारच्या एसटीडी बूथवर फोन करायचा आणि विचारायचा, ‘‘बाबा, अजून ते लेथचं चालूच आहे का?’’

चालू कुठलं? त्याच सुमाराला हणमंतरावांचा उजवा हात कापायला लागला. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, गोळ्या घ्या. त्यांनी गोळ्या घेतल्या आणि लेथवर जुनं धोतर टाकून दिलं. चार महिने हा माणूस खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसला. ताटातली अर्धी भाकरी तशीच राहायची. बोलायला जावं तर ‘हौ’ आणि ‘नक्को’, याच्यापलीकडे शब्द नाही. सासरे असेच बसले होते आणि वर्षात गेले, हे इंदुताईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. काम सुटलं की या घरातले पुरुष जगत नाहीत, हे त्यांना पक्कं कळलं होतं. त्यांना भीती वाटत होती, आणि ती सांगायला घरात माणूस नव्हतं.

अशात एक दिवस अनुराधाबाई आल्या. विद्यानगरात राहायच्या, विद्यापीठात मराठी शिकवायच्या, त्या महिन्याअखेर निवृत्त होणार होत्या. वीस वर्षांपूर्वी इथूनच नेलेला पेन त्यांचा बसमध्ये हरवला होता. ‘‘तसाच एक हवा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘काळा, साधा. बारीक रिंग. आता कुठे मला स्वतःचं काही लिहायला वेळ मिळणार आहे.’’

‘‘हात चालत नाही बाई आता.’’

‘‘चालेल तसा चालवा. मला घाई नाही.’’

हणमंतरावांनी कागद पुढे केला. बाईंनी एक ओळ लिहिली. हे बघत होते त्यांच्या बोटांकडे, आणि दारात उभ्या इंदुताई बघत होत्या यांच्या तोंडाकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी लेथवरचं धोतर निघालं. चार महिन्यांनी ती घरघर ऐकली आणि इंदुताईंना भरूनच आलं. त्यांनी शिरा केला. हणमंतरावांनी दोनदा मागून घेतला.

अकराव्या दिवशी वाटी उंबऱ्यावर आली. इंदुताईंनी टोपण उचललं, सवयीने आत बोट घालून ओठावरून फिरवलं, आणि बोट एका जागी थांबलं. एका बाजूला टोपणाची भिंत बरोबर जाड होती. दुसऱ्या बाजूला कागदाएवढी पातळ. हत्यार धरलेला हात हलला होता. एकदा नाही, पुन्हा पुन्हा हलला होता.

वाटी परत ठेवायला हवी होती. दुसऱ्या कुणाचं काम असतं तर ठेवलीच असती. पण बत्तीस वर्षांत वाटी माघारी गेली नव्हती. आज गेली की हे तासाभरात टोपण उजेडाकडे धरणार, बघणार, आणि लेथवर पुन्हा धोतर पडणार. त्यांनी ठरवलं, जपून करू, बसेल. चांदीची बारीक रिंग केली, टोपण अगदी कोमट केलं, श्वास धरून रिंग चढवली. बारीकसा आवाज झाला. ओठापासून वर तांदळाच्या दाण्याएवढी चीर गेली होती. रिंग तिच्यातली निम्मीसुद्धा झाकत नव्हती.

चीर लाखेने भरता आली असती. झाकायला मात्र तिप्पट रुंद रिंग लागणार होती, आणि गोम तिथेच होती. दुसऱ्यांचे पेन हातात आले की हणमंतराव आयुष्यभर एकच बोलत आले होते: ‘‘रुंद रिंग म्हणजे आत चीर. ज्याला ओठ कापता येत नाही तो पट्टा बांधतो.’’ अख्ख्या गल्लीला पाठ होतं ते. रुंद रिंग बघितली की हे विचारणार, आणि विचारलं की संपलं.

दुपारी भाजीची पिशवी घेऊन इंदुताई निघाल्या त्या अंबरपेठच्या बाजाराला नाही, विद्यानगरला. अनुराधाबाईंनी पाणी दिलं, चहा ठेवते म्हणाल्या. इंदुताईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. चीर सांगितली, भिंत सांगितली, चार महिन्यांचं ते खाटेवर बसणं सांगितलं. ‘‘तुम्ही एवढंच म्हणा,’’ त्या म्हणाल्या, ‘‘की रिंग मीच रुंद सांगितली होती. नाव कोरून हवं होतं म्हणून. पेन गळणार नाही, माझी जबाबदारी. लिहील छान.’’

अनुराधाबाईंचं आयुष्य पोरांना खरं बोला म्हणून सांगण्यात गेलेलं. ‘‘मला धड खोटं बोलता येत नाही हो इंदुताई,’’ त्या म्हणाल्या.

‘‘एक वाक्य तर आहे.’’

‘‘बघते,’’ बाई म्हणाल्या. तेवढ्यावर इंदुताई घरी आल्या आणि पाटावर बसल्या. चार दिवस खपून त्यांनी ती रुंद रिंग केली. वेल काढली, वेलीत बाईंचं नाव कोरलं. तसलं काम त्यांनी उदगीर सोडल्यापासून केलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्यांच्या हातची सगळ्यात सुंदर चीज ती. लाज झाकायला केलेली असली म्हणून काय झालं?

बाई आल्या तेव्हा ऊन पुढच्या खोलीत आलं होतं. इंदुताईंनी वाटी मुद्दाम त्यांच्यासमोरच उंबऱ्यावर ठेवली. हणमंतरावांनी पेन उचलला आणि त्यांची बोटं रिंगेवर थांबली.

‘‘रिंग मीच रुंद सांगितली,’’ बाई घाईने म्हणाल्या. कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. ‘‘नाव हवं होतं. इंदुताईंना सांगितलं होतं मी.’’ आणि असं म्हणून त्यांनी बघितलं कुणाकडे, तर इंदुताईंकडे. चोरी करताना पकडलेल्या पोरीसारखं.

हणमंतरावांनी शाई भरली, कागद दिला. बाईंनी चार ओळी लिहिल्या. निब कुठे अडली नाही, शाई कुठे तुटली नाही. ‘‘सुरेख चालतो,’’ बाई म्हणाल्या, आणि ते मात्र खरं होतं. त्या गेल्या. हणमंतराव स्टुलावर बसून राहिले. दोन्ही हात मांडीवर, आणि उजवा थोडा थोडा हलत होता.

‘‘आत चीर आहे ना?’’

इंदुताईंना खोटं सुचेना. ‘‘हौ,’’ त्या म्हणाल्या.

‘‘कुणाच्या हातून?’’

ते विचारताना त्यांनी वर पाहिलं नाही. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की बत्तीस वर्षांत तो तसा इंदुताईंनी ऐकला नव्हता. खरं सांगितलं तर काय होईल, ते त्यांना समोर दिसत होतं: ती खाट, ती भिंत. ‘‘माझ्या,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ऊब जास्त लागली. मला नीट दिसलंच नाही. डोळे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत.’’

हणमंतरावांनी श्वास सोडला. त्यांचे खांदे खाली आले, तोंडावर रंग आला. माणसाचा जीव भांड्यात पडतो म्हणजे काय, ते इंदुताईंनी त्या दिवशी समोर बघितलं, आणि बघून त्यांना आतून काहीतरी कापत गेलं. एवढं सोपं होतं तर? एकदाही ‘दाखव बघू’ म्हणाले नाहीत. बत्तीस वर्षांचा हात, आणि एका वाक्यावर विश्वास बसला.

‘‘मग आधी बोलायचं नाही का?’’ ते म्हणाले. रागावले नाहीत, उलट फार मायेने म्हणाले. ‘‘वय आहे, होतं. उद्यापासून तू नक्को बसूस पाटावर. पुरे झालं.’’

दुसऱ्या दिवशी ते स्वतः कोठीला गेले आणि तयार क्लिपा आणि रिंगा घेऊन आले. प्लास्टिकच्या पुड्यांत, सोनेरी मुलाम्याच्या, बाहेरच्या देशातल्या. संध्याकाळी त्यांनी इंदुताईंची हातोडी, कानस, फुंकणी, चिमटे नीट पुसले, कोरड्या फडक्यात बांधले आणि माळ्यावर ठेवले. इतक्या हलक्या हाताने त्यांनी इंदुताईंच्या वस्तूंना कधी हात लावला नव्हता. इंदुताई खालून बघत होत्या. एक शब्द बोलल्या असत्या तर सगळं परत खाली आलं असतं.

त्यानंतर अडीच वर्षं लेथ चालला. पेन फार नाही झाले, सात-आठ झाले असतील, पण रोज सकाळी धोतर निघायचं. हणमंतराव दोन भाकऱ्या खायचे. जुनं गिऱ्हाईक आलं की सांगायचे, ‘‘आमच्या इंदूची नजर गेली हो.’’ इंदुताई आतून ‘हौ’ म्हणायच्या. सुईत दोरा त्या पहिल्या झटक्यात ओवायच्या. पण हे समोर असले की दोनदा मुद्दाम चुकवायच्या आणि तिसऱ्यांदा सुई यांच्याकडे द्यायच्या. कापत्या हाताने ते दहा-दहा मिनिटं दोरा ओवत बसायचे. ओवला की खूश व्हायचे. तांदूळ निवडतानाही इंदुताई दोन खडे तसेच सोडायच्या. घासात खडा आला की हणमंतराव काही न बोलता तो ताटाच्या कडेला ठेवायचे.

पेन मात्र परत यायला लागले. पहिला आला, मग आणखी एक आला. पाचवा आला त्या दुपारी हणमंतराव टोपण हातात घेऊन आत आले, थेट स्वयंपाकघरात, जिथे ते कामाचं घेऊन कधी आले नव्हते. ओठापासून वर लांब चीर गेलेली. रिंग बाजारची, ती काय झाकणार?

‘‘बघ,’’ ते म्हणाले, आणि लगेच, ‘‘तुला कुठलं दिसायला.’’ त्यांनी टोपण त्यांच्या तळहातावर ठेवलं. ‘‘या बाजारच्या रिंगांनी माझा ओठ फाटतो. तुझा हात होता तोवर एक पेन माघारी आला नाही. काय रिंग करायचीस तू, इंदू. तुझ्यासारखी रिंग अख्ख्या हैदराबादेत कुणी केली नाही.’’

ही वाक्यं ऐकायला इंदुताईंनी चौतीस वर्षं वाट पाहिली होती. त्यांनी टोपणाच्या आत बोट घातलं. एका बाजूला भिंत बरोबर होती, दुसऱ्या बाजूला कागद. हणमंतराव समोर उभे होते, डोळ्यांत पाणी, उजवा हात डाव्याने धरून ठेवलेला.

‘‘काय करायचं,’’ इंदुताई म्हणाल्या. ‘‘नजरच गेली ना माझी.’’

‘‘गेली खरी,’’ ते म्हणाले, टोपण घेतलं, आणि नवी दांडी लावायला पुढच्या खोलीत गेले.